स्वादुपिंडाच्या ऑपरेशनची औषधं पॅकेजच्या दिवसांत मावत नाहीत : आरोग्य विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
शासकीय आरोग्य योजनांची पॅकेजं ठरवणारी तज्ज्ञ मंडळी,
आणि विदर्भातल्या शस्त्रक्रिया विभागांचे प्रमुख

विषय : स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत टाळणारी औषधं रुग्णाला गावापर्यंत मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात मी औषधाचं दुकान चालवते. नागपूर, सेवाग्राम, सावंगी मेघे किंवा थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयातून स्वादुपिंडाचं ऑपरेशन करून माणूस गावी परतला, की त्याचा सुट्टीचा कागद दोन-चार दिवसांत माझ्या काउंटरवर येतो. असे रुग्ण फार नसतात. रक्तदाब, मधुमेह, सर्पदंश, कापसावरच्या फवारणीची विषबाधा यांच्यापुढे ही संख्या लहानच. पण सरकारी पॅकेज (म्हणजे योजनेतून एका ऑपरेशनसाठी ठरवून दिलेला खर्च आणि दिवस) आणि औषधाची गरज यांचा सांधा नेमका कुठे सुटतो, ते या एका ऑपरेशनमध्ये लख्ख दिसतं.

मागणी सुरुवातीलाच मांडते. या ऑपरेशननंतरचे बरेच धोके औषधांनी टाळता येतात किंवा कमी करता येतात. मात्र ही औषधं दवाखान्यातल्या दिवसांपुरती नसतात. लस ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी द्यावी लागते, रक्ताची गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन चार आठवडे चालू ठेवावं लागतं आणि पचनाची कॅप्सूल तर अनेकांना जन्मभर लागते. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि सुट्टीनंतरचे १५ दिवस धरले आहेत. त्याबाहेरचं सगळं रुग्णाच्या खिशावर येतं. खिशात पैसा नसला की ते औषध घेतलंच जात नाही. ही चौकट निदान या ऑपरेशनपुरती तरी बदला.

हे पत्र माझ्या तालुक्यातले लोकही वाचतील, म्हणून आधी ऑपरेशनविषयी. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत आडवं असतं. दिवसाला लिटरभराहून जास्त पाचक रस ते आतड्यात सोडतं आणि इन्शुलिनही तिथेच बनतं. त्याच्या डोक्याकडच्या भागात गाठ झाली की पित्ताची नळी दाबली जाते आणि पोट न दुखता कावीळ होते. आमच्याकडे कावीळ म्हटली की पहिली धाव झाडपाल्याच्या औषधाकडे असते. त्यात महिना निघून जातो. डोळे पिवळेच राहतात, अंगाला खाज सुटते, वजन उतरतं आणि मग कुठे सोनोग्राफी होते. चाळिशीपुढच्या माणसाची कावीळ पहिल्याच आठवड्यात सोनोग्राफीपर्यंत पोचावी, एवढं जरी आशाताईंच्या प्रशिक्षणात आलं तरी ऑपरेशन करण्याजोगे रुग्ण वाढतील. तो विषय स्वतंत्रपणे मांडायला हवा, इथे नुसता नोंदवते.

गाठ काढण्याजोगी असेल तर व्हिपलचं ऑपरेशन होतं. जर्मनीत वॉल्थर काउश यांनी १९०९ मध्ये असं ऑपरेशन केलं होतं आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या अॅलन व्हिपल यांनी ते मांडल्यावर त्यांचंच नाव रूढ झालं. स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनळीचा खालचा तुकडा काढतात. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर हे तिन्ही पुन्हा आतड्याला जोडतात. एके काळी हे ऑपरेशन झालेल्या चारांतला एक दगावत असे. आता सराव असलेल्या केंद्रांत मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं आहे. गुंतागुंत मात्र तेवढी कमी झालेली नाही. आजही दहातल्या तीन-चार जणांना काही ना काही होतंच.

त्यातली सर्वात घातक म्हणजे स्वादुपिंडाच्या जोडातून होणारी गळती. चरबी आणि प्रथिनं पचवणारा रस पोटाच्या पोकळीत उतरतो, तिथे पू होतो, आणि हाच रस एखादी रक्तवाहिनी कुरतडू लागला तर अचानक मोठा रक्तस्राव होतो. इथे एक उलटी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जुनाट सुजेने टणक झालेल्या स्वादुपिंडात टाके नीट बसतात. निरोगी, मऊ स्वादुपिंडात टाका घालणं म्हणजे लोण्यात टाका घालणं. शिवाय आतली नळी ३ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असेल तर धोका आणखी वाढतो. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर पाणी बाहेर काढण्यासाठी पोटात ठेवलेल्या नळीतून येणाऱ्या पाण्यात अमायलेजचं (स्वादुपिंडाच्या रसातल्या एका पाचक घटकाचं) प्रमाण रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त निघालं की सर्जन सावध होतात. म्हणजे कोणाला धोका जास्त आहे, हे पुष्कळसं ऑपरेशनच्या टेबलावरच कळतं. महागडं औषध सगळ्यांना देण्याऐवजी नेमक्या माणसाला देता येईल, असा याचा अर्थ आहे. पॅकेज ठरवताना हा भेद आपण धरलात तर पैसा वाचेल आणि माणसंही वाचतील.

गळती रोखणाऱ्या औषधांबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण पैशाच्या दृष्टीने सर्वात मोठा प्रश्न तिथेच आहे. रसाचं उत्पादनच काही दिवस कमी केलं तर जोड भरून यायला वेळ मिळेल, हा विचार ऑक्ट्रिओटाइड या इंजेक्शनच्या मागे आहे. युरोपातल्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्याचा फायदा दिसला होता. पण अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये २११ व्हिपल रुग्णांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात औषध न घेतलेल्यांत ९ टक्के आणि घेतलेल्यांत ११ टक्के गळती आढळली. तरीही हे इंजेक्शन पुष्कळ ठिकाणी सरसकट लिहिलं जातं. बाहेरून आणायला सांगितलं तर नातेवाईक कापूस गहाण टाकून, उसनवारी करून आणतात. ज्याचा उपयोग सरसकट सिद्ध झालेला नाही त्याचा खर्च गरिबावर सरसकट टाकू नये. धोका जास्त असलेल्या रुग्णाला द्यायचं असेल तर ते पॅकेजमधून द्यावं आणि का दिलं ते केसपेपरवर लिहावं.

त्याच कुळातलं पॅसिरिओटाइड जास्त आश्वासक ठरलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ३०० रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला. ऑपरेशनच्या सकाळपासून सात दिवस, दिवसातून दोन वेळा कातडीखाली ९०० मायक्रोग्रॅम असा डोस होता. गळती किंवा पोटातला पू अशी गंभीर गुंतागुंत २१ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आली. हे २०१४ मध्ये छापून आलं. नंतर दुसऱ्या रुग्णालयांनी वापरून पाहिलं तेव्हा सगळ्यांना तेवढा फायदा मिळाला नाही. मळमळ होते, साखर वाढते आणि किंमत तर आपल्याकडच्या पॅकेजला पेलणारी नाहीच. म्हणून ते आणाच, असा हट्ट मी धरणार नाही.

माझी नजर अडकली आहे ती हायड्रोकॉर्टिसोनवर. हे जुनं आणि स्वस्त स्टिरॉइड इंजेक्शन आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आपत्कालीन ट्रेमध्येसुद्धा असतं. कापलेल्या स्वादुपिंडाच्या टोकाला ऑपरेशननंतर सूज येते आणि त्या सुजेतूनच पुढची गळती सुरू होते, या विचारातून फिनलंडमधल्या टाम्पेरेच्या डॉक्टरांनी ते वापरून पाहिलं. ज्यांच्या स्वादुपिंडात रस बनवणाऱ्या पेशी जास्त होत्या, म्हणजे ज्यांना धोका जास्त होता, अशाच रुग्णांना त्यांनी निवडलं. २०१६ मध्ये त्यांनी छापलं की मोठी गुंतागुंत ४१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आली. प्रयोग लहान होता. पुढे २०२० मध्ये फिनलंडमध्येच त्याची पॅसिरिओटाइडशी तुलना झाली, तेव्हा ते त्याच्या बरोबरीचं आहे असं सिद्ध होऊ शकलं नाही. पण ज्याला महागडं औषध मिळणारच नाही त्याच्यासाठी खरा प्रश्न असा आहे की काहीच न देण्यापेक्षा हायड्रोकॉर्टिसोन देणं चांगलं का? आपल्या रुग्णांत मधुमेह, क्षयरोग आणि कुपोषण या तिन्हींची भर असते आणि स्टिरॉइडने जखम भरायला उशीर होण्याची, जंतुसंसर्गाची भीतीही असते. त्यामुळे फिनलंडचं उत्तर जसंच्या तसं उचलता येणार नाही. नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सुपर स्पेशालिटी, नागपूरचं एम्स, सेवाग्रामची महात्मा गांधी संस्था हे एकत्र आले आणि टाटा रुग्णालयाने साथ दिली, तर या प्रश्नाचं उत्तर विदर्भाच्या मातीत मिळू शकतं. ज्या औषधात कोणत्याही कंपनीला मोठा नफा नाही, त्याच्या प्रयोगाला पैसा सरकारनेच द्यायचा असतो. तो द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिजैविकांच्या बाबतीत पुरावा जास्त भक्कम आहे. कावीळ उतरावी म्हणून ऑपरेशनच्या आधी पुष्कळांच्या पित्तनळीत दुर्बिणीतून स्टेंट (वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी) टाकतात. स्टेंट पडला की एरवी निर्जंतुक असणाऱ्या पित्तात आतड्यातले जंतू शिरतात. ऑपरेशनच्या वेळी नळी कापली की तेच पित्त जखमेत येतं आणि नेहमीचं सेफॅलोस्पोरिन गटातलं प्रतिजैविक त्यातल्या कित्येक जंतूंवर चालत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या २६ रुग्णालयांत ७७८ रुग्णांवर झालेला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच गटातलं सेफॉक्सिटिन दिलेल्यांत ऑपरेशनच्या जागेचा संसर्ग ३२.८ टक्के झाला, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम दिलेल्यांत १९.८ टक्के. महत्त्वाची गळतीदेखील १९ टक्क्यांवरून १२.७ टक्क्यांवर आली. फरक इतका स्पष्ट होता की प्रयोग मधल्या तपासणीतच थांबवला गेला. हे औषध आपल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आहे. मात्र आपल्याकडचे जंतू तिकडच्या जंतूंपेक्षा औषधांना जास्त सरावलेले आहेत. म्हणून स्टेंट असलेल्या प्रत्येक रुग्णाच्या पित्ताचं कल्चर (कोणते जंतू आहेत आणि त्यांवर कोणतं औषध चालतं याची तपासणी) व्हावं आणि वर्षाकाठी त्याचा तक्ता प्रत्येक विभागाने मांडावा. कल्चरचा खर्च पॅकेजमध्ये स्वतंत्र दाखवला तर ते टाळलं जाणार नाही.

स्टेंट टाकण्याच्या प्रक्रियेनेच काहींच्या स्वादुपिंडाला सूज येते. त्यावरचं औषध तर आणखी स्वस्त आहे. धोका जास्त असलेल्या ६०२ रुग्णांना इंडोमेथासिनची सपोझिटरी गुदद्वारातून दिली तेव्हा ही सूज १६.९ टक्क्यांवरून ९.२ टक्क्यांवर आली, असं २०१२ च्या अमेरिकी प्रयोगात दिसलं. आपल्याकडे त्याच कामासाठी डायक्लोफेनॅकची सपोझिटरी वापरतात आणि ती काही रुपयांत मिळते. मूत्रपिंडाचा आजार किंवा औषधाची अॅलर्जी नसेल तर ती दिली गेली की नाही, याची प्रक्रियेच्या कागदावर खूण करायची जागा हवी.

इथपर्यंतचं सगळं दवाखान्याच्या चार भिंतींतलं आहे आणि तिथे निर्णय घेणारे माझ्यापेक्षा कितीतरी जाणते आहेत. रुग्ण एसटीने किंवा भाड्याच्या गाडीने गावी आल्यानंतरचं मात्र मी रोज पाहते, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

पहिलं, पायातल्या गुठळीचं. कर्करोग, पोटाचं मोठं ऑपरेशन आणि अंथरुणात पडून राहणं ही तिन्ही एकत्र आली की पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका फार वाढतो. तिथली गुठळी फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो. पोटाच्या आणि ओटीपोटाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर एनोक्सापॅरिन हे गुठळी होऊ न देणारं इंजेक्शन ४० मिलिग्रॅम रोज, एका आठवड्याऐवजी चार आठवडे दिलं तर गुठळ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर येतं, हे २००२ मध्येच छापून आलेलं आहे. चार आठवड्यांचा सल्ला तेव्हापासून जगभर दिला जातो. आपले सुट्टीनंतरचे १५ दिवस कागदावर या मुदतीच्या बरेच जवळ जातात. प्रत्यक्षात माझ्याकडे येणाऱ्या कागदांवर हे इंजेक्शन पुष्कळदा सुट्टीच्या दिवशीच बंद झालेलं असतं, किंवा ‘बाहेरून घेणे’ असं लिहिलेलं असतं. झरीकडच्या एका शेतकऱ्याचं ऑपरेशन उत्तम झालं होतं, गळती नाही, ताप नाही. घरी आल्यावर डावी पिंढरी सुजली. घरच्यांना वाटलं अशक्तपणाची सूज आहे, म्हणून तेल लावून चोळत राहिले. गुठळी असलेला पाय चोळायचा नसतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तो माणूस नागपूरपर्यंत पोचला नाही.

म्हणून सुट्टीच्या वेळीच उरलेल्या सगळ्या दिवसांच्या भरलेल्या सिरिंज रुग्णाच्या हातात द्याव्यात. पोटाच्या कातडीखाली टोचायचं हे इंजेक्शन उपकेंद्राच्या सिस्टर सहज देऊ शकतात. घरचं एखादं माणूसही शिकू शकतं. फक्त सिस्टरांना तसं लेखी पत्र लागतं, नाहीतर बाहेरचं इंजेक्शन टोचायला त्या कचरतात, आणि त्यांचं कचरणं मला चुकीचं वाटत नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस बदलतो, तेही त्याच पत्रात असावं.

दुसरं, प्लीहेचं. गाठ स्वादुपिंडाच्या शेपटीकडे असेल तर तो भाग काढताना बऱ्याचदा प्लीहाही (स्प्लीन) काढावी लागते. प्लीहा गेली की काही विशिष्ट जंतूंविरुद्धची शरीराची मोठी ढाल जाते. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस हे त्यातले मुख्य. अशा माणसाला आलेला साधा वाटणारा ताप एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. हा संसर्ग एकदा पेटला की निम्म्यापर्यंत रुग्ण दगावतात. त्यासाठी या तिन्ही लशी ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या किमान १४ दिवस आधी द्याव्यात, आणि ते जमलं नाही तर नंतर १४ दिवसांनी. पॅकेज मोजतं दाखल होण्याआधीचे ३ दिवस. म्हणजे जी वेळ योग्य ती पॅकेजबाहेर, आणि पॅकेजमधली वेळ अयोग्य.

आमच्याच आरोग्य केंद्रात दर लसीकरण सत्राला बाळांना न्यूमोकोकसची लस मोफत मिळते आणि हिमोफिलसची लस पेंटाव्हॅलंटमधून जाते. त्याच इमारतीत प्लीहा काढलेल्या मोठ्या माणसाला यातलं काहीच मिळत नाही, बाजारात काही हजार मोजावे लागतात. बाळांच्या साठ्यातून द्या असं मी म्हणत नाही. मोठ्यांसाठी वेगळा साठा जिल्हा रुग्णालयात ठेवा. मोटारसायकलच्या नाहीतर ट्रॅक्टरच्या अपघातात प्लीहा फुटून काढावी लागलेली माणसं आमच्या भागात स्वादुपिंडाच्या रुग्णांपेक्षा किती तरी जास्त आहेत. तो साठा त्यांनाही उपयोगी पडेल.

गडचिरोलीचा विचार तर वेगळा करावाच लागेल. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार त्या जिल्ह्यावर आहे आणि बाधित रक्तपेशी गाळून काढण्याचं काम प्लीहाच करते. प्लीहा नसलेल्या माणसाला ताप आला तर ‘उद्या बघू’ चालत नाही. ताबडतोब हिवतापाची तपासणी व्हायला हवी, घरात देऊन ठेवलेल्या प्रतिजैविकाचा पहिला डोस तेव्हाच पोटात जायला हवा आणि माणूस त्याच दिवशी रुग्णालयात पोचायला हवा. ‘माझी प्लीहा काढलेली आहे, ताप आल्यास तातडीने उपचार करा’ असं मराठीत आणि गोंडीत छापलेलं कार्ड त्याच्याजवळ हवं. कुरखेडा, एटापल्ली, भामरागडच्या माणसाला ते नागपूरच्या वॉर्डातून निघतानाच मिळालं पाहिजे.

तिसरं, पचनाच्या कॅप्सूल. माझ्या काउंटरवर सर्वात जास्त तडजोड याच औषधाची होते. स्वादुपिंडाचा मोठा भाग गेल्यावर रस कमी पडतो आणि जेवणातलं तेल-तूप पचत नाही. शौचाला तेलकट, दुर्गंधी, पाण्यावर तरंगणारं होतं, आणि कितीही खाल्लं तरी माणूस वाळत जातो. पॅन्क्रिएटिनची कॅप्सूल ही उणीव भरून काढते. मुख्य जेवणाला साधारण २५ ते ४० हजार युनिट लायपेज (चरबी पचवणारा घटक) लागतं आणि मधल्या खाण्याला त्याहून कमी. दिवसाला पाच-सहा कॅप्सूल सहज होतात. त्यांची किंमत निंदणाला जाणाऱ्या बाईच्या दिवसाच्या मजुरीच्या घरात जाते. मग लोक काय करतात? रात्री झोपताना एक घेतात आणि दिवसभराची घेतली असं मानतात. जेवण नसताना घेतलेली कॅप्सूल वाया जाते. ‘ताई, ह्या गोया किती दिवस घ्या लागतीन?’ या प्रश्नाला ‘कायमच्या’ हे उत्तर दिलं की समोरचा माणूस पाकीट परत सरकवतो. दोन महिन्यांनी तोच येऊन विचारतो, ‘माह्यं वजन काहून वाढून नाही राह्यलं?’ वजन घटलं की पुढची केमोथेरपी पेलत नाही, आणि गाठ काढण्यावर सरकारने केलेला खर्च तिथे वाया जातो.

ही कॅप्सूल कशी घ्यायची तेही कागदावर नसतं. पहिल्या घासांसोबत एक आणि जेवण लांबलं तर मध्ये दुसरी. चावायची नाही, गरम वरणात फोडून टाकायची नाही. आणि ती डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते हे रुग्णाला आधी सांगितलं पाहिजे. मी सांगते. ऐकून काही जण थबकतात, घरी विचार करतात. पर्याय काय आहे हे नीट समजावल्यावर बहुतेक जण घेतात. पण न सांगता देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

त्यात आमचा उन्हाळा. या कॅप्सूलच्या पाकिटावर साधारणपणे २५ अंशांच्या खाली ठेवा असं छापलेलं असतं. मे महिन्यात नागपूर, चंद्रपूर, यवतमाळमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि टिनाच्या घरात त्याहून जास्त तापतं. कॅप्सूलमधलं विकर (पचन करणारं एन्झाइम) हे प्रथिन आहे, उष्णतेने त्याचा जोर जातो. औषध घेऊनही फरक पडत नाही असं उन्हाळ्यात कोणी म्हणालं की मी आधी विचारते, डबा कुठे ठेवता? बहुतेकांचा पत्र्याखालच्या फळीवर किंवा देवळीत असतो. कोरड्या उन्हाळ्यात ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यातला बंद डबा बराच थंड राहतो, ओल लागणार नाही एवढं बघायचं. पावसाळ्यात हवाच दमट असल्यामुळे तो उपाय फारसा चालत नाही, पण तेव्हा ऊनही उतरलेलं असतं. ज्यांना ऑपरेशननंतर मधुमेह झाला आहे त्यांच्या इन्शुलिनलाही हेच लागू आहे. त्यांची साखर वाढते तशी अचानक खालीही जाते, कारण साखर वर आणणारं ग्लुकॅगॉनही त्याच स्वादुपिंडातून येत होतं. आरोग्य केंद्रातल्या लशींच्या फ्रीजमध्ये दुसरं काही ठेवायचं नाही हा नियम योग्यच आहे. म्हणून ग्रामीण रुग्णालयाच्या औषध भांडारात अशा रुग्णांसाठी वेगळा लहान फ्रीज असावा आणि तिथून महिन्याची किंवा पंधरा दिवसांची औषधं मोफत मिळावीत. मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात त्याच खिडकीवर.

अॅसिडिटीच्या गोळीबद्दल एकच वाक्य लिहिते. जठर-आतड्याच्या नव्या जोडावर अल्सर होऊ नये म्हणून ती दिलेली असते, त्यामुळे ‘जळजळ नाही, मग कशाला’ असं म्हणून ती आपल्या मनाने सोडू नये.

आता हे कोणी आणि कसं करायचं? पॅकेजच्या पुढच्या आढाव्यात स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रियेची मुदत वेगळी धरा. लशींसाठी आधीचा महिना, गुठळीच्या इंजेक्शनसाठी ऑपरेशननंतरचे पूर्ण २८ दिवस आणि विकरांसाठी ग्रामीण रुग्णालयातून कायमचा पुरवठा. एवढं एकदम होणार नसेल तर इंजेक्शनपासून सुरुवात करा, कारण मुदत कमी, खर्च ठरलेला आणि फायदा सिद्ध झालेला आहे. शस्त्रक्रिया विभागांच्या प्रमुखांना वेगळी विनंती आहे. सुट्टीचा कागद इंग्रजीतला राहू द्या, पण त्यासोबत मराठीत एक पान द्या. कोणतं औषध कशासाठी, किती दिवस, जेवणाच्या आधी की सोबत, कशात ठेवायचं, आणि कोणत्या लक्षणाला थांबायचं नाही. पाय सुजला, धाप लागली, ताप आला, नळीच्या जागेतून रक्त आलं, तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा तो ठळक अक्षरात असावा. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून टाटाहून आलेल्या माणसालाही तेच पान इथल्या डॉक्टरांसमोर ठेवता येईल.

अशा पानाचा एक मसुदा मी तयार केला आहे आणि तो आपल्या विभागाला या पत्रासोबत पाठवत आहे. त्यातली औषधं आणि डोस आपल्या तज्ज्ञांनी तपासून दुरुस्त करावेत. माझ्या तालुक्यातल्या रुग्णाची सुट्टी होण्याच्या आठवडाभर आधी वॉर्डातून कळवलं, तर त्याची इंजेक्शनं आणि कॅप्सूल फ्रीजमध्ये आणून ठेवण्याची आणि खरेदीच्याच भावात देण्याची माझी तयारी आहे. योजनेतून पुरवठा सुरू होईपर्यंत तरी हे चालू शकेल. तो कधी सुरू होईल, याची तारीख आपण कळवावी.

आपली विश्वासू,
एक औषधविक्रेती
केळापूर तालुका, जि. यवतमाळ